सांगलीतली आठ हजारांची मॅक्रो लेन्स घ्यावी का?

साताऱ्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे कॅनन २००डी मार्क टू कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स आहे. कासची फुलं जवळून टिपायची आहेत. सांगलीतले एक गृहस्थ सिग्माची फिल्मच्या काळातली १०५ मिमी मॅक्रो लेन्स आठ हजारांना देतायत, नाहीतर चाळीस हजारांची नवी लेन्स क्रेडिट कार्डावर हप्त्याने घ्यायची. पगार २९ हजार, घरखर्च १९ हजार, दुचाकीचा हप्ता ३,२००, शिल्लक ४२ हजार.

सांगलीची लेन्स घेऊ नका, हे आधीच सांगतो. विकणारे फसवतायत असं मी म्हणत नाही, त्यांच्या फिल्म कॅमेऱ्यावर ती उत्तमच चालत असेल. अडचण अशी की सिग्मासारख्या कंपन्यांनी कॅननच्या कॅमेऱ्याची विद्युतभाषा स्वतः उलगडून लेन्समध्ये चिप बसवली. पुढे आलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांचे काही आदेश त्या जुन्या चिपला कळत नाहीत. लेन्स कॅमेऱ्यावर घट्ट बसते, फोकसही होतो, एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, फोटोही निघतो. अ‍ॅपर्चर, म्हणजे तेच छिद्र, जरा लहान केलं की शटर दाबताच पडद्यावर एरर येतो.

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला यातून काही वाट काढता येईल. तुम्हाला नाही. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसाच्या टोकावरचा चिकट थेंब इतक्या जवळून घेताना एफ/२.८ वर तो थेंब स्पष्ट येतो आणि मागचं सगळं पान पुसलं जातं. मॅक्रोला छिद्र बरंच लहान, म्हणजे एफ/११, कधी एफ/१६ लागतं. उलट ऑटोफोकस नसला तरी फारसं बिघडत नाही, कॅमेरा हळूच पुढेमागे करून फोकस साधता येतो. म्हणून तुमच्यासाठी लेन्सची किंमत अ‍ॅपर्चर चालतं की नाही यावर ठरते. ते चालत नसेल तर आठ हजार बुडाले समजा, कारण पुढचा गिऱ्हाईकही हाच प्रश्न विचारणार.

आता हप्ता. चाळीस हजार, १५ टक्के व्याज, बारा महिने धरले तर हप्ता सुमारे ३,६१० रुपये येतो. व्याज जवळपास ३,३०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. ‘नो कॉस्ट’ योजनेतही व्याजावरचा जीएसटी बहुधा तुमच्याच बिलात येतो. तुमच्या हातात महिन्याला ६,८०० उरतात, त्यातले निम्म्याहून जास्त जातील. फुलांचा बहर दीड-दोन महिन्यांचा आणि हप्ते वर्षभर.

त्या ४२ हजारांनाही हात लावू नका. दुचाकीच्या हप्त्यासकट तीन महिन्यांचा खर्च ६६ हजारांच्या घरात जातो, म्हणजे अडीनडीचा तुमचा पैसा अजून अपुराच आहे.

पण हंगाम वाया घालवा असं मी कसं म्हणेन? एक्स्टेन्शन ट्यूबचा संच घ्या, एका महिन्याच्या शिलकीत बसेल. या नळ्या कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसतात. त्यात काच नसते, लेन्स फक्त कॅमेऱ्यापासून पुढे सरकते. ३६ मिमीची नळी ५० मिमीच्या लेन्सला लावली की सीतेची आसवं ही चिमुकली फुलं सेन्सरवर जवळजवळ मूळ आकाराची उतरतात. मात्र विद्युत संपर्काच्या टाचण्या असलेलाच संच मागा. अगदी स्वस्त नळ्यांत त्या नसतात आणि अ‍ॅपर्चरचं तेच दुखणं पुन्हा मागे लागतं. लेन्स फुलाच्या फार जवळ न्यावी लागते, आपलीच सावली पडते, एवढा त्रास सोसावा लागेल.

पुढच्या महिन्यापासून तीन हजार अडीनडीसाठी आणि तीन हजार बँकेच्या आवर्ती ठेवीत टाका. वर्षभरात लेन्सचे ३६ हजार व्याजाशिवाय जमतात. दुचाकीचा हप्ता फिटला की रक्कम वाढवा.

मधल्या काळात नावात ‘डीजी’ (डिजिटल काळातल्या लेन्सची खूण) असलेली सिग्मा किंवा टॅमरॉनची ९० मिमी वापरलेली मिळाली, तर आपला कॅमेरा घेऊन एसटीने जा. लेन्स लावून एफ/११ ठेवा, दहा-बारा फोटो काढा, आणि एकदाही एरर आला नाही तरच पैसे द्या. आगाऊ रक्कम पाठवू नका.