ताकदीची बाटली लावली की मायग्रेन जातो का?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी नागपुरात सक्करदऱ्याला राहते, वय ३६. ऊन तापायला लागलं की माझं अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही, दोन-दोन दिवस काही सुचत नाही. थकवा तर बाराही महिने असतो. मैत्रिणीने धरमपेठेत कुठंतरी व्हिटॅमिनचं ड्रिप लावून घेतलं, तिला एकदम फ्रेश वाटलं म्हणे. आमच्या ओळखीचा एक कंपाउंडर घरी येऊन बाटली लावून देतो म्हणतो. लावून घेऊ का?

उत्तर: ताई, घरी तर अजिबात नको. शिरेतून औषध जात असताना रिअ‍ॅक्शन आली तर काही मिनिटांत बीपी पडतं, आणि तेव्हा तिथे इंजेक्शन, ऑक्सिजन आणि ते देणारा माणूस लागतो.

आता त्या बाटलीत असतं काय, तर बहुतेक वेळा नॉर्मल सलाईन, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असलेलं पाणी, आणि त्यात बी कॉम्प्लेक्स, बी १२, व्हिटॅमिन सी, मॅग्नेशियम असं मिसळलेलं. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन मायर्स नावाचे डॉक्टर होते त्यांच्यावरून याला मायर्स कॉकटेल म्हणतात. थकवा यानं जातो असा पक्का पुरावा नाही. अंगात कमतरता नसेल तर बी आणि सी जीवनसत्त्वं जास्तीची झाली की लघवीतून निघून जातात.

मग मैत्रिणीला बरं कसं वाटलं? वाटलं असणारच, मी तिला खोटं म्हणत नाही. भर उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं, त्यात तासभर एसीत डोळे मिटून पडायला मिळालं, आणि पुष्कळदा सलाईनमध्ये उलटीचं किंवा दुखण्याचं इंजेक्शनही सोडलेलं असतं, डोकं त्यानं उतरतं आणि नाव व्हिटॅमिनचं होतं. शिवाय मायग्रेनचा अटॅक ४ ते ७२ तासांत आपोआपही ओसरतो. मॅग्नेशियमचं थोडं वेगळं आहे, शिरेतून दिल्यावर काही पेशंटना फायदा झालेला दिसलाय, खासकरून डोकं दुखायच्या आधी ज्यांना डोळ्यांपुढे चमचम दिसते त्यांना, पण सगळ्या अभ्यासांत तसं दिसलं नाही.

सलाईन लागतं कधी, तर उलट्या थांबतच नाहीत, तोंडानं पाणी टिकत नाही, लघवी कमी झाली तेव्हा. तेव्हा सरळ मेडिकल, मेयो या आपल्या सरकारी हॉस्पिटलांच्या किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. एरवी तोंडानं पाणी जात असेल तर ओआरएस, ताक, पन्हं पुरतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी बाहेर निघायचंच असेल तर पाणी पिऊन निघा आणि डोक्याला दुपट्टा बांधा, आणि जेवणाची वेळ चुकवू नका, उपाशी राहिल्यानंही अटॅक येतो.

मायग्रेनचं खरं औषध वेगळं आहे. दुखणं सुरू झाल्या झाल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घ्यायची, वाट बघत बसलं की ती नीट लागू होत नाही. महिन्यात चार-पाच दिवस असेच वाया जात असतील तर अटॅक कमी करणारी रोजची गोळी सुरू करता येते, न्यूरोलॉजिस्टला विचारा. आणि मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणणं बंद करा बाप्पा, साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि बरेच महिने घेत राहिलं तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. डोकं अचानक कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, सोबत ताप आणि मान आखडली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला तर हे मायग्रेन समजून घरी थांबू नका.

थकव्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण बाया तो वर्षानुवर्षं अंगावर काढतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये रक्त कमी निघालं. ड्रिपवर खर्च करायच्या आधी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी १२ आणि शुगर तपासून घ्या. पाळीत रक्त जास्त जातं का तेही सांगा. आणि आपण विदर्भातले, तेव्हा सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर तीही करा. जी६पीडी म्हणजे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम, त्याची कमतरता असलेल्या माणसाला व्हिटॅमिन सी चा मोठा डोस शिरेतून दिला तर रक्तपेशी फुटतात, आणि ड्रिप लावताना हे कोणी विचारेलच असं नाही. हार्ट किंवा किडनीच्या पेशंटला तर नुसतं सलाईनसुद्धा भारी पडू शकतं.

प्रश्न: माझ्या बहिणीचं हिमोग्लोबिन ७ आहे, आयर्नच्या गोळ्यांनी पोट बिघडते. डॉक्टर आयर्नची बाटली लावा म्हणतात. ती पण नको का?

उत्तर: ती लावा, बिलकुल लावा. इथे कमतरता तपासणीत दिसली आहे, गोळी सोसत नाही, आणि हे औषध त्याच्यासाठीच आहे, हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वर यायला लागते. फक्त हॉस्पिटलमध्येच लावा, आणि रक्त कशामुळे कमी झालं ते शोधायला सांगा. बाटली चालू असताना अंगावर पित्त उठलं, छातीत दाटून आलं किंवा श्वास लागला तर बहिणीला म्हणावं संपायची वाट पाहू नको, लगेच सिस्टरला हाक मार.