पाळकांना सांगितलं तर मंडळीत पसरेल का?

धुळ्यात काउन्सेलिंग करताना ख्रिस्ती घरांतून एक प्रश्न हमखास येतो, मन मोकळं करायला पाळकांकडे (चर्चच्या पास्टरकडे) जायचं की तुमच्याकडे, आणि पाळकांना सांगितलं तर गावभर नाही ना होणार?

साक्रीकडच्या एका ताईंचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. नवरा बाईक अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला, तेव्हापासून झोप नाही, जेवण नाही. "माले काही सुचस नही मॅडम," म्हणाल्या, प्रार्थनेला बसलं तर तोंडातून शब्द फुटत नाही. पण पाळकसाहेबांना सांगायची भीती, कारण मग ते त्यांच्या मिसेसना कळणार आणि शनिवारच्या महिला सभेत सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन प्रार्थना होणार! ही भीती खोटी नाही हो, लोक प्रेमापोटीच करतात पण त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी म्हटलं ताई, दुःख नंतर सांगा, आधी विचारून घ्या. माझं बोलणं प्रार्थनेच्या विनंतीत जाईल का? डॉक्टरांच्या गोळ्या चालू असल्या तर चालतील ना? समुपदेशन कुठे शिकलात? पाळक व्हायची बी.डी. ही पदवी करताना पाळकीय समुपदेशन शिकवतात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) तर हॉस्पिटलात पेशंटजवळ बसून शिकायचं ट्रेनिंग आहे, पण प्रवचन जोरदार करणाऱ्याला ऐकून घेता येतंच असं नाही. आणि कॅथलिक असाल तर, पापकबुलीत सांगितलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, पण एरवी ऑफिसात बसून बोललात तर ती पापकबुली नसते, तिथे गुप्ततेचं आधी बोलून घ्यायचं.

ताई पहिल्यांदा ज्या पाळकांकडे गेल्या ते म्हणाले गोळ्या बंद करा, उपास धरा. मी म्हटलं तिथे परत जाऊ नका.

मग नंदुरबारचे एक रिटायर्ड पाळक मिळाले. खोलीचं दार उघडं, मिसेस बाहेरच्या खोलीत, पैशाचा विषय नाही. त्यांनी उपदेश केलाच नाही, एवढंच विचारलं की देवावर राग आलाय का, आणि ताई पहिल्यांदा "हो" म्हणून ढसाढसा रडल्या. मग त्यांनी बायबलमधलं ८८ वं स्तोत्र वाचायला दिलं, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि मरण मागत रतामाच्या झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली, देवदूत त्याला आधी भाकर-पाणी देतो, झोपू देतो, बाकीचं बोलणं नंतर.

झोपेसाठी सायकियाट्रिस्टच्या गोळ्या, शोकाचं बोलणं माझ्याकडे, श्रद्धेचं पाळकांकडे, असं चाललंय, ताईंना विचारून आम्ही दोघं फोनवर बोलतो पण. आता झोप लागते. प्रार्थना अजून अडखळते, आणि पाळकांनीही घाई केलेली नाही.

फक्त जीव द्यायचे विचार येत असतील तर रविवारची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, आणि घरातल्या एकाला तरी तेव्हाच जवळ बसवून घ्या.