वहीतले अठरा

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा ताईच्या खोलीत तुझी वही मी न विचारता चाळली, ते तुला आवडलं नसणार. तुला ताईच्या देखभालीला पाठवणाऱ्या ब्युरोने दिलेली लांब वही, पट्टीने रेघा ओढून पाडलेले रकाने: वेळ, बीपी, नाडी, ताप, श्वास, लघवी. अक्षर सुरेख आहे तुझं. बीपी दर वेळी वेगळं, नाडी वेगळी, ताप कधी ९८.४ तर कधी ९९. श्वासाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत अठरा. सकाळी अठरा, रात्री अठरा. ताईला खोकल्याची उबळ येत होती त्या दिवशीही अठरा.

मी तेव्हाच बोलणार होते, पण तू मोबाइल पुढे केलास, त्यावर एक जाहिरात. घरबसल्या नर्सिंग, एक वर्ष, हजेरीची अट नाही, फी पंचेचाळीस हजार, तीन हप्त्यांत. फोन केला तेव्हा ते म्हणाले, "प्रॅक्टिकलची वही आम्ही बघून घेऊ, तुम्ही काळजी करू नका." मग तू मला विचारलंस, "मॅडम, करू का?" मी म्हटलं, कळवते. दोन दिवस माझ्या डोक्यात तुझी ती जाहिरात आणि तुझे ते अठरा एकात एक मिसळले आहेत. म्हणून लिहायला बसले.

तुझा हात चांगला आहे हे आधी सांगते, कारण पुढे मी रागावणार आहे. ताईला अर्धांग होऊन पाच महिने झाले आणि तिच्या पाठीवर, माकडहाडावर, टाचेवर कुठेही साधी लाली नाही. दर दोन तासांनी तू तिला कुशीवर वळवतेस, रात्री गजर लावून. चादरीची सुरकुती काढतेस. नळीतून पेज देण्याआधी नळी जागेवर आहे का ते बघतेस आणि पेज दिल्यावर अर्धा तास तिला उशाला टेकवून बसवतेस. हे तुला कुणी शिकवलं, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "आधीच्या घरी एक सिस्टर यायच्या, त्यांचं बघून." असं बघून शिकणारी मुलगी वर्गात शंभरात पाच मिळते. मी वीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं आहे, उगाच म्हणत नाही.

मग तो श्वास का मोजत नाहीस?

मला कारण माहीत आहे. बीपीला मशीन आहे, तापाला थर्मामीटर आहे, बोटाला चिमटा लावला की नाडी आणि ऑक्सिजन दिसतो. श्वासाला काही नाही. घड्याळ हातात धरून एक मिनिट माणसाच्या छातीकडे बघत बसावं लागतं, आणि ते एक मिनिट फार लांब असतं. त्यात आपण बघतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. रोग्याला वाटावं, अजून नाडीच बघतायत. आपण छाती वरखाली होताना मोजायचं, पूर्ण साठ सेकंद. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. निरोगी मोठ्या माणसाचा श्वास साधारण बारा ते वीस. ताईसारख्या नळीवर असलेल्या बाईचं अन्न चुकून फुप्फुसात गेलं, तर ताप चढायच्या आधी श्वास वाढलेला दिसू शकतो. तो पंचविसावर गेला तर कुणाला कळणार? तुला. आणि तू तर अठरा लिहून बसली असशील.

मोजलं नाही ते लिहायचं नाही. एवढंच मला तुला सांगायचं आहे. बाकीचं पत्र त्याचंच पाल्हाळ समज.

आता माझं ऐक. मी नवी स्टाफ नर्स होते, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात रात्रपाळी. बेचाळीस रोगी, आम्ही दोघी, त्यातली एक प्रसूतीच्या वॉर्डात मदतीला गेलेली. पहाटे चार वाजता टीपीआरचा, म्हणजे ताप, नाडी, श्वासाचा तक्ता भरायचा होता. सतरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ, दम्याचे. त्यांचा ताप बघितला, नाडी बघितली, श्वासापुढे वीस लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. सकाळी सातला ड्युटी बदलताना त्यांच्या नाकपुड्या फुललेल्या, ओठ निळसर. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

मला कुणी एक शब्द विचारला नाही. का विचारतील? तक्ता स्वच्छ होता. पहाटे चारला श्वास वीस, सगळं ठीक. माझ्या त्या विसाने मला वाचवलं. पहाटे मोजला असता तर ते जगले असते का? कुणास ठाऊक, दम्याचा जुना रोगी होता. पण डॉक्टरांना तीन तास आधी उठवता आलं असतं. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नव्हती. तुला का सांगतेय? तुझ्या वहीत तो रकाना दिसला म्हणून.

आता जाहिरातीकडे वळू. तू म्हणशील, श्वासाचा आणि कोर्सचा काय संबंध. अगं, सगळा संबंध तोच. ती माणसं तुझ्या नावावर वॉर्डातले तास लिहिणार आहेत, जे तू भरणार नाहीस. इंजेक्शनं लिहिणार, जी तू दिली नाहीस. बाळंतपणं लिहिणार, जी तू पाहिलीसुद्धा नाहीस. अख्ख्या वर्षाचे अठरा, आणि खाली सही तुझी.

शिवाय त्या कागदाने तू नर्स होणार नाहीस, हेही कळू दे. आपल्याकडे नर्स कोण, हे नोंदणी ठरवते. त्यासाठी १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल झाली, महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याने राज्याची कौन्सिल आहे. २०२३ मध्ये संसदेने नवा कायदा केला, त्यात जुन्या कौन्सिलच्या जागी आयोग आहे, म्हणजे पाट्या बदलतील. तुझा प्रश्न बदलणार नाही. कुठल्याही संस्थेला एकच विचारायचं: "हा कोर्स केल्यावर माझी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंदणी होईल का? लेखी द्या." लेखी म्हटलं की त्यांचा फोन कट होतो की नाही बघ. एएनएम, म्हणजे सहायक नर्स-दाईचं शिक्षण, दोन वर्षांचं आणि जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी, तीन वर्षांचं, दोन्ही रोज हजर राहून, रुग्णालयात ड्युटी करूनच होतात. घरबसल्या होत नाहीत.

तू म्हणालीस, परदेशात ऑनलाइन नर्सिंग होतं. अर्धं खरं आहे. अमेरिकेत रजिस्टर्ड नर्सच्या खालोखाल प्रॅक्टिकल नर्स असा दर्जा आहे. साधारण वर्षभराचं शिक्षण, मग एनसीएलईएक्स-पीएन ही परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. त्यातली थिअरी पुष्कळ ठिकाणी घरून शिकता येते. वॉर्डातले तास मात्र वॉर्डातच भरावे लागतात. तिथेही चोर आहेतच. २०२३ च्या जानेवारीत ऑपरेशन नाइटिंगेल नावाची कारवाई झाली. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी साडेसात हजारांहून जास्त खोट्या पदविका आणि गुणपत्रिका विकल्या होत्या. मला त्यातली एक गोष्ट खुपते. ते कागद घेतलेल्यांपैकी बरेच जण लायसन्सची परीक्षा खरोखर पास झाले. म्हणजे पुस्तक वाचून पास होता येतं. खाटेशी उभं राहिल्यावर काय करायचं, ते त्या परीक्षेला कळत नाही.

दूरशिक्षणावर माझा राग आहे असं समजू नकोस. मी स्वतः इग्नू या मुक्त विद्यापीठातून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केलं आहे, सदतिसाव्या वर्षी, नोकरी आणि दोन मुलं सांभाळून. रात्रपाळीला औषधाच्या ट्रॉलीपाशी बसून असाइनमेंट लिहिल्या. मराठीत विचार करायचा, इंग्रजीत लिहायचं, पाकीट करून पोस्टात टाकायचं. तीन वर्षं लागली. पण त्या कोर्सला प्रवेश कुणाला मिळतो? आधीच जीएनएम झालेली, नोंदणी असलेली, नोकरीत असलेली नर्स. माझा हात वॉर्डात पंधरा वर्षं तयार झाला होता, म्हणून पुस्तक पोस्टाने आलं तरी चाललं. तुला ते उलटं विकतायत.

निवृत्त झाल्यावर मी अशाच एका खाजगी संस्थेत शिकवायला गेले होते. हजेरीपटावर साठ मुली, वर्गात अकरा. ज्या रुग्णालयाचं नाव दाखवलं होतं तिथे मुली दोनदा गेल्या, दोन्ही वेळा फोटो काढायला. वर्षअखेरीस माझ्यापुढे प्रॅक्टिकल रेकॉर्डचा ढीग आला, सह्यांसाठी. मी नाही केल्या. आठ महिन्यांत राजीनामा दिला. माझे सहकारी म्हणाले, "तुमचा हट्ट मुलींच्या मुळावर येतो. त्यांच्या आईबापांनी जमीन गहाण टाकून फी भरली आहे." हे खोटं नव्हतं, आणि मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही. पण सही मी करणार नव्हते आणि आजही करणार नाही.

तक्रार केलीत का, असं तू विचारशील. नाही केली. मुलीचं लग्न तोंडावर होतं, कोर्टकचेरी नको होती, माझ्या एकटीच्या पत्राने काय होणार होतं. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की पाठ झालंय. त्या मुलींच्या वह्यांवर दुसऱ्या कुणीतरी सह्या केल्याच. त्यातली एखादी आज कुठेतरी रात्रपाळीला असेल. जाऊ दे.

तर तू काय करायचंस. अकरावीनंतर तू शाळा सोडलीस. बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भर आणि बाहेरून परीक्षा दे, आर्ट्स घेतलंस तरी चालेल. दूरशिक्षण जे काही व्हायचं ते इथे होऊ दे, पुस्तकाच्या भागाला. जीएनएमला बारावीला चाळीस टक्के लागतात आणि इंग्रजीतही वेगळे चाळीस. तुझी अडचण इंग्रजीची आहे, वॉर्डाची नाही. ताई दुपारी झोपते ते दोन तास इंग्रजीला दे. ताईला पुस्तक वाचून दाखव. तिला बोलता येत नाही, पण कळतं सगळं. ती पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तुझा उच्चार चुकला की ती डावा हात हलवेल, बघच तू.

मग सरकारी प्रशिक्षण संस्थांकडे अर्ज कर, तिथे फी कमी असते. जीएनएम नाही जमलं तर एएनएम. हसू नकोस एएनएमला. उपकेंद्रात एकटीने काम करणारी एएनएम जे सांभाळते ते शहरातल्या पुष्कळ नर्सना जमणार नाही. आणि हेही नाहीच झालं, तर जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स आहे, तो प्रामाणिक आहे, कारण तो तुला असिस्टंटच म्हणतो, नर्स म्हणत नाही.

तुझी खरी अडचण मी टाळते आहे, असं तुला वाटेल. ती दोन-तीन वर्षं घरी पैसे कोण पाठवणार? भावाची फी? खरंच, त्यावर माझ्याकडे पूर्ण उपाय नाही. तुझ्या जागी मी असते तर मलाही तो पंचेचाळीस हजारांचा कागद स्वस्त वाटला असता. पण तो पहिला हप्ता तू भरू नकोस. प्रवेश मिळाला तर होस्टेलच्या मेसचं मी बघेन. उपकार म्हणून मनात ठेवू नकोस. पाच महिन्यांत एकही जखम न झालेल्या पाठीची रुग्णालयात काय किंमत होते ते मला ठाऊक आहे, आणि ब्युरो तुला काय देतो तेही.

रविवारी दुपारी येते. फॉर्म कुठे, कधी भरायचा ते बघून ठेवते. तू दहावीचा दाखला आणि गुणपत्रिका गावाहून मागवून घे, फोटोवर भागणार नाही, मूळ कागद हवेत.

आणि माझं जुनं घड्याळ पाठवते आहे, भाचा येईल त्याच्या हाती. पट्टा तुटला आहे, सेकंदकाटा चालतो. आज रात्री ताई झोपली की मनगट हातात धर आणि मोज. जो आकडा येईल तो लिही. मागचे अठरा खोडू नकोस आणि पानही फाडू नकोस, राहू देत तसेच.

तुझी,
मॅडम