घरात टीबीचा पेशंट आहे, मग बाकीच्यांनी काय खायचं?

प्रश्न : ताई, माझ्या दिरांना गेल्या महिन्यात छातीचा टीबी निघाला, थुंकीत जंतू सापडले. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्यात. घरात आम्ही सहा जण, त्यात सासूबाई आणि माझी 4 वर्षांची मुलगी. चांगलं खायला घाला म्हणाले म्हणून दिरांसाठी प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणला, ताटवाटी वेगळी केली. पण नणंद म्हणते, खाण्याने कुठे टीबी थांबतो? खरं काय?
– एक वाचक, गोंदिया जिल्हा

उत्तर : टीबी बरा होतो तो गोळ्यांनीच, इथपर्यंत नणंदबाईंचं बरोबर आहे, कोर्स मधे सोडायचाच नाही. पण घरातल्या बाकीच्यांना तो होऊ नये यात जेवणाचा वाटा किती मोठा, हे आपल्याच देशात मोजून झालंय आणि टीबीच्या प्रत्येक घरात हे कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

झारखंडच्या 4 जिल्ह्यांत 2019 ते 2022 मधे डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या टीमने रेशन्स नावाचा अभ्यास केला. 2800 पेशंट आणि त्यांच्या घरचे 10,345 लोक. पेशंटना तर सगळ्यांनाच दरमहा 10 किलो शिधा दिला, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जोडीला व्हिटॅमिनच्या गोळ्या, फरक ठेवला तो घरच्यांमधे, म्हणजे एका गटात घरच्यांनाही माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिन दिले, दुसऱ्या गटातले घरचे नेहमीचंच जेवत राहिले. 2023 मधे निकाल छापून आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नवीन टीबी 39% कमी, आणि फुफ्फुसाचा पसरणारा टीबी तर 48% कमी! तांदूळ आणि डाळ, बाकी काही भारी नाही. टीबीचा जंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांच्यात तो दाबलेला राहतो, अंगात ताकद नसली की डोकं वर काढतो, म्हणून हा फरक पडतो.

त्यामुळे डब्याचे पैसे वाचवा आणि सहाही जणांच्या ताटात घाला. वरण घट्ट करा, मटकी, चणे, शेंगदाणे, अंडी, खात असाल तर सुकट. पेशंटच्या खात्यात पोषणाचे महिन्याला 1000 रुपये येतात (नोव्हेंबर 2024 पासून, आधी 500 होते), आले नसतील तर आशाताईंना विचारा, मागायला अजिबात संकोच करू नका, हक्काचे आहेत.

दिरांचं वजन दर महिन्याला लिहून ठेवा. त्याच अभ्यासात पहिल्या 2 महिन्यांत ज्यांचं वजन 5% वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका 61% कमी दिसला. आता मुळातच जो कमी आजारी त्याचं वजन लवकर भरतं हेही आहे, सगळं श्रेय जेवणाला देता येणार नाही, पण 42 किलोचा माणूस दोन महिन्यांत 2 किलोने वाढला नाही तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो. खिडक्या उघड्या ठेवा, दिरांना सध्या मास्क लावायला सांगा.

आणि जेवण वाढवलं म्हणजे झालं असं समजू नका. घरातल्या सगळ्यांची तपासणी याच आठवड्यात करून घ्या, टीबी नाही असं ठरलं की प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात, कुठे 6 महिने रोज, कुठे आठवड्यातून एकदा असे 12 आठवडे, कुठल्या द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. मुलीला सगळ्यात आधी न्या, 5 वर्षांखालच्या मुलांना धोका जास्त असतो. सासूबाईंचंही वजन करा, घरातली म्हातारी माणसं उरलंसुरलं खातात आणि त्यांचं घटलेलं वजन कोणाच्या लक्षातही येत नाही.