करवंटी कवितेत का नाही आली?

प्रश्न : मी कोरेगावचा, साताऱ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गॅदरिंगला अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरच्या अन्यायाची स्वतःची कविता म्हटली. टाळ्या पडल्या, पण आमचे सर म्हणाले, 'हे भाषण झालं.' कविता सोबत पाठवतोय. तिकडच्या कवींनी असं काय वेगळं लिहिलं? आणि कवितेनं फरक तरी पडतो का? माझ्या आजोबांना मालकाकडे चहा करवंटीत मिळायचा, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

उत्तर : राग मानू नका, पण सरांचं मला पटलं. चोवीस ओळींत 'बेड्या' चारदा, 'मानवता' तीनदा आणि माणूस एकही नाही.

काउंटी कलन या काळ्या कवीची १९२५ च्या संग्रहात एक कविता आहे. आठ वर्षांचं पोर बाल्टिमोरमध्ये गाडीतून खुशीत चाललंय. समोरचा मुलगा, अंगानं याच्याएवढाच, टक लावून बघतोय. हा हसतो. तो जीभ काढून दाखवतो आणि काळ्या रंगावरून शिवी देतो. पुढं मे ते डिसेंबर हा सगळं शहर बघतो, लक्षात राहतं एवढंच. बारा ओळींत संपली. चाल बालगीताची, यमकं नीट जुळवलेली, म्हणूनच ती शिवी जास्त लागते. अन्याय हा शब्द शोधून सापडायचा नाही. (वर्गात शिकवताना त्या शिवीला मराठी शब्द मी कधी दिला नाही. म्हणजे आपल्याकडे नाहीत असं नव्हे.)

लँग्स्टन ह्यूज या दुसऱ्या काळ्या कवीच्या कवितेतल्या माणसाला पाहुणे आले की स्वयंपाकघरात जेवायला धाडतात. तो हसतो, भरपूर जेवतो आणि उद्या टेबलावरच बसणार म्हणतो. स्वतःला तो नोकर म्हणवत नाही, भाऊ म्हणवतो.

इतक्या लांब तरी कशाला? बाबासाहेब साताऱ्यात शाळेत होते तेव्हाचं त्यांनीच लिहून ठेवलंय. बसायला वेगळं गोणपाट. शाळा झाडणारा नोकर ते शिवायचा नाही, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी परत आणायचं. नळ शिपायानं सोडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. हे गद्य आहे, पण गोणपाट घेऊन निघालेलं ते पोर डोळ्यांपुढून हलत नाही.

फरकाचं म्हणाल, तर कायदा वकिलांनी लढून बदलून घेतला. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध आहेत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. कलन १९४६ मध्येच गेला होता.

आता माझं सांगते. वाई तालुक्यात आमच्या घरी गोठ्याच्या देवळीत एक कानतुटका कप पालथा असायचा. मजुरांचा. सहा-सात वर्षांची असताना मी त्यातून पाणी प्यायले तर आजीनं पाठीत धपाटा घातला आणि अंघोळीला पाठवलं. पुढं तीस वर्षं मराठी शिकवली, कविताही केल्या, समतेवरच्या सुद्धा. तो कप एकीतही आला नाही. लाज वाटत होती, दुसरं काय?

तुमची लाज नाही ती. तरी करवंटी तुम्ही कवितेतून वगळलीत आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत टाकलीत. आजोबा असतील तर त्यांच्यापाशी बसा. चहा वरून ओतायचे का? करवंटी धुवायचं कोण, ठेवायची कुठं? गरम चहानं बोटं भाजायची का? ते लिहून पाठवा. 'बेड्या' नकोत.