कूलर माळ्यावर चढला की गिझर उघडा

प्रश्न : आमचा १५ लिटरचा गिझर चार वर्षांचा आहे. यंदा तापताना आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. दिवा लवकर विझतो, पण पाणी कोमटच. पाणी बोअरचं. मेकॅनिक म्हणतो टाकी गेली, नवाच घ्या. काय करू?
– एक वाचक, बेसा

उत्तर : थांबा ताई, इतक्यात पैसे काढू नका. टाकी गेली असती तर गळली असती. तुमच्या कॉइलवर खार बसलाय.

मे अखेरीस कूलरच्या ताट्या कशा होतात आठवा. गवत पांढरं, कडक, हात लावला की चुरा. तोच हा खार. कूलरमध्ये पाणी उडून जातं म्हणून तो मागे राहतो, गिझरमध्ये पाणी तापतं म्हणून. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, कॉइलला चिकटते. त्या थराखाली अडकलेलं पाणी वाफ होऊन उसळतं, त्याच तुमच्या लाह्या. आणि दिवा? २००० वॉटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला वीस-बावीस मिनिटं लागतातच. तुमचा दिवा दहाव्या मिनिटाला विझत असेल, तर थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणाऱ्या यंत्राची, दांडीही त्याच थरात गाडली गेलीय. तिला वाटतं पाणी झालं.

मेकॅनिकला बोलवाच, पण समोर उभ्या राहा. आधी एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला गिझरचा खटका, खाली, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी थंड होऊ द्यायचं. मग खालचा कॉक बंद करून, थंड पाणी आत जातं तो पाइप सोडवायचा आणि गरम नळ उघडा ठेवायचा. बरेच जण नुसता गरम नळ उघडून टाकी रिकामी झाली समजतात. गरम पाण्याचा पाइप आत टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेला असतो, त्यातून फक्त हवा येते. पाणी खालच्याच वाटेने उतरतं. हे न कळता फ्लँजचे, म्हणजे कॉइल बसवलेल्या झाकणाचे, नट सोडणारा पोरगा मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला पाहिलाय.

कॉइल निघाली की प्लास्टिकच्या बादलीत दोन लिटर कोमट पाणी आणि १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घ्या, किराणा दुकानात मिळतं ते. कॉइल त्यात बुडवा, वायरीची टोकं मात्र वर ठेवा. बुडबुडे थांबेपर्यंत हात लावू नका. पेचकसाने खरवडायचं नाही. टाकीच्या तळातली खडी हाताने काढा, आतलं काचेचं अस्तर ठोकू नका. बाथरूम धुवायचं ॲसिड तर अजिबात नको. १९९८ मध्ये मी हा शहाणपणा स्वतःच्या घरी केला. खार गेला, पंधरवड्यात टाकीही गळायला लागली. एकतीस वर्षं वायरिंगचं दुकान चालवलेल्या माणसाची ही गोष्ट बायको अजून पाहुण्यांना सांगते.

त्याच फ्लँजवर बहुधा मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीला लागणारा गंज ती स्वतःवर घेते. अर्ध्याहून बारीक झाली किंवा आतली तार दिसली, तर नवी टाका. बोअरवाल्यांनी ती दरवर्षी पाहावी. नागपूरचं पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असेल तर सहसा दोन वर्षांनी चालतं. गॅस्केट, म्हणजे झाकणाखालचं रबर, नवंच बसवा. गरम नळातून सलग धार लागेपर्यंत वीज सुरू करायची नाही, कोरडी कॉइल बघता बघता जळते. आणि थर्मोस्टॅट ५५-६० वर ठेवा. जितकं जास्त तापवाल तितका खार जास्त.

हे सगळं ऑक्टोबरात करायचं. कूलर माळ्यावर चढला की गिझर उघडायचा. जानेवारीत सकाळी आठ-नऊ अंश असताना मेकॅनिक फोन उचलत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यातल्या बाथरूममध्ये नळाला हात लावला की हलके मुंग्या येतात. चालेल का?
– एक वाचक, महाल

उत्तर : नाही चालणार. आज, आत्ता एमसीबी पाडा आणि आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. गिझरची कॉइल फुटली असेल, शिवाय अर्थिंगही नसेल. जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी कितीदा तरी पाहिलंय. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा खटका, बसवा. गिझरचं नंतर बघू.

प्रश्न : गिझर तापताना बाजूच्या व्हॉल्व्हमधून थेंब टपकतात. शेजाऱ्यांनी एम-सील लावायला सांगितलंय.
– एक ज्येष्ठ वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : काका, शेजाऱ्यांना चहा पाजा, एम-सील लावू देऊ नका. पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की साधारण दीड टक्का फुगतं. १५ लिटरमागे पाव लिटरच्या आसपास, म्हणजे एक पेलाभर. ते मागे जाऊ शकलं नाही की या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. ही वाट बुजवली तर दाब टाकीवर येतो. थेंबांसाठी एक बारीक नळी मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही गळत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदला.

प्रश्न : उन्हाळ्यात गिझर रिकामा करून ठेवावा का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : कायले? रिकाम्या टाकीत गॅस्केट वाळतं आणि कुणी चुकून बटण दाबलं तर कॉइल गेली. एमसीबी पाडून भरलेलाच ठेवा आणि रोज वापरा. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही, गिझरमधलं मात्र रात्रभर घरात निवलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात लाल खुणेच्या नळाखालीच आंघोळ होते. फक्त १५ लिटर म्हणजे एकच बादली. दुसऱ्या बादलीला पुन्हा गच्चीवरचं ऊन.