पाचवीतलं लेकरू आणि नवोदयची परीक्षा: पालकांचे प्रश्न

जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीला प्रवेश मिळवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या निवड चाचणीबद्दल मराठवाड्यातून आलेली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. कन्नड, गढी, तुळजापूर, शंकरनगर अशा ठिकाणी आपली विद्यालयं आहेत आणि एका विद्यालयात सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा असतात. सहावीसाठीची ही परीक्षा एकदाच देता येते, म्हणून काही उत्तरं थोडी लांबली आहेत.

प्रश्न: मुलगी वर्गात पहिली असते, पाढे तोंडपाठ आहेत. पण सराव पेपरात आकृत्यांचे प्रश्न चुकतात आणि गुण पन्नाशीच्या पुढे जात नाहीत. (एक पालक, ता. परतूर)

उत्तर: पेपर १०० गुणांचा, प्रश्न ८०. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, बुद्धिमत्ता चाचणीचे असतात आणि हे सगळे प्रश्न आकृत्यांवरच येतात. वेगळी आकृती, जुळणारी आकृती, अपूर्ण आकृती, मालिका, समसंबंध, भौमितिक आकृती पूर्ण करणं, आरशातली प्रतिमा, घडी घातलेल्या कागदावरची छिद्रं, तुकडे जोडून होणारी आकृती, लपलेली आकृती असे दहा प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे चार प्रश्न असतात. शाळेच्या पुस्तकात यातलं फारच थोडं असतं, त्यामुळे वर्गातला पहिला नंबर इथे कामी येत नाही. यात मुलीचा दोष काहीच नाही.

गाईड नुसतं बघून हे जमत नाही, हाताने करावं लागतं. घडीच्या प्रश्नांसाठी रद्दी कागदाचे चौकोन कापा. एक पूर्ण घडी घालून छिद्र पाडलं तर उघडल्यावर दोन छिद्रं दिसतात, दोन घड्या घातल्या तर चार. म्हणून आधी छिद्रं मोजायची. तेवढ्यानेच बहुतेक वेळा एकदोन पर्याय बाद होतात. मग जागा बघायची: घडीच्या रेषेजवळ पाडलेलं छिद्र उघडल्यावरही त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर येतं. मुलं इथे चुकतात, कारण ती छिद्र न उलटवता तसंच पुढच्या भागात उतरवतात. घडी तिरपी, कोपऱ्यातून कोपऱ्यात असेल तर वरच्या कडेजवळचं छिद्र बाजूच्या कडेजवळ जातं. आणि फक्त कोपरा दुमडलेला असून छिद्र एकेरी भागात असेल, तर ते एकच राहतं. हे चारही प्रकार मुलीने स्वतः घड्या घालून पाहिले की पुढे कागद लागत नाही.

आरशाच्या प्रश्नाला एक नियम पुरतो. आरशाजवळचा भाग प्रतिमेतही आरशाजवळच राहतो. आरसा उभा असेल तर डावं-उजवं बदलतं, वर-खाली बदलत नाही. अनेक मुलं आकृती उलटी करून टाकतात, ती पाण्यातली प्रतिमा झाली. पातळ कागदावर आकृती काढून उजेडासमोर मागच्या बाजूने बघितली की पडताळा लगेच मिळतो.

मालिकेत एका वेळी एकच चिन्ह धरावं. बाण किती फिरला ते दिलेल्या तिन्ही चौकटींत बघून घ्यावं, मग ठिपक्याकडे वळावं. सगळं एकदम बघायला गेलं की डोळा गोंधळतो.

रोज अर्धा तास आणि एक प्रकार सलग चार दिवस, असं केलं तर चाळीस दिवसांत पहिली फेरी होते.

प्रश्न: आमच्या तांड्यावरच्या शाळेतली मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. पेपर कोणत्या भाषेत निवडावा? आणि पाचवीचं गणित पुरतं का? (एक शिक्षक, ता. किनवट)

उत्तर: मूल ज्या भाषेत वाचायला शिकलं, तीच निवडा. तुमची शाळा मराठी असेल तर मराठी. भाषेच्या भागात उतारे आणि त्यांवरचे प्रश्न असतात, गुण २५. उत्तर उताऱ्यातच शोधायचं, स्वतःला जे माहीत आहे ते नव्हे, ही सवय सर्वांत महत्त्वाची. मुलांना रोज एक अनोळखी उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि प्रत्येक उत्तराखालची ओळ बोटाने दाखवायला सांगा.

गणिताचे २० प्रश्न, गुण २५. पाचवीचं पुस्तक पुरत नाही. लसावि-मसावि आणि नफा-तोटा आपल्याकडे सहावीच्या पुस्तकात आहेत, पण या परीक्षेला लागतात. तेवढे धडे सहावीच्या पुस्तकातून आधी घ्या. काही चुका ठरलेल्या असतात.   २४ ÷ ४ × २ चं उत्तर १२ येतं. गुणाकार आधी केला की ३ येतं, आणि ते पर्यायांतही दिलेलं असू शकतं.

प्रश्न: मुलाला चौथीनंतर लातूरच्या शाळेत घालून क्लास लावावा असं नातेवाईक म्हणतात. (एक पालक, ता. निलंगा)

उत्तर: घालू नका. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, म्हणजे ८० पैकी ६०. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं मान्यताप्राप्त ग्रामीण शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवसही शहरी शाळेत काढला तर मूल शहरी गटात जातं. नाव गावात ठेवून मूल शहरात, हा मार्गही नको. कागदपत्रं तपासताना प्रवेश जातो. गावात राहून सुट्टीच्या दिवशी शिकवणी लावायला हरकत नाही.

प्रश्न: आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. पोरगी पाचवीत आहे. परीक्षेचं कसं करावं? (एक आई, ता. धारूर)

उत्तर: ताई, अर्ज पावसाळ्यात भरले जातात, तेव्हा तुम्ही गावातच असता. परीक्षा मात्र डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, ऐन हंगामात येते. म्हणून तीन गोष्टी निघण्याआधी करून ठेवा. अर्जात मोबाईल नंबर गावात राहणाऱ्या माणसाचा द्या, आजोबांचा किंवा मामाचा, कारण पुढचे निरोप त्यावरच येतात. नोंदणी क्रमांक कागदावर लिहून शाळेतही ठेवा, प्रवेशपत्र काढायला तो लागतो. आणि पोरीला सोबत कारखान्यावर नेऊ नका. पाचवी ज्या जिल्ह्यात शिकते त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी अर्ज चालतो, त्यामुळे मध्येच तिचं नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत गेलं तर सगळंच अडतं. आजीजवळ सोय नसेल तर गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार का, हे मुख्याध्यापकांना दसऱ्याआधीच विचारा. अर्ज भरायला फी नसते, आणि निवड झाल्यावर राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत असतात.

प्रश्न: वेळ पुरत नाही. कोणता भाग आधी घ्यावा? (एक विद्यार्थिनी, वसमत)

उत्तर: एकूण १२० मिनिटं सलग मिळतात, कोणत्या भागाला किती द्यायची ते तू ठरवायचं. आकृत्यांना ४५, भाषेला २५, गणिताला ४० आणि शेवटची १० मिनिटं उत्तरपत्रिका तपासायला ठेव. एकच भाग जोरात सोडवून चालत नाही, तिन्ही भागांत वेगवेगळं पात्र व्हावं लागतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेत एकाही प्रश्नाच्या उत्तराचा गोल रिकामा सोडू नकोस. गोल निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच भरायचा. एकदा भरला की खोडता येत नाही. एखादा प्रश्न सोडून पुढे गेलीस की पुढचं उत्तर चुकून त्याच्या ओळीत भरलं जातं आणि तिथून सगळी उत्तरं सरकतात. दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक आणि गोलाचा क्रमांक जुळवून बघ. घरी सराव करतानाही गोलांचा कागद आणि पेनच वापर, पेन्सिल नको.